छापखान्यात फाईल देताय? आधी फॉन्टचं बघा

मागे एका ट्रेकिंग ग्रुपची स्मरणिका केली होती मी, ४८ पानी, साल्हेर, हरिहर, अंजनेरी, सगळं आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच. स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं, ग्रुपवाल्यांनी प्रूफ मोबाईलवर वाचलं, अंगठा आला, फाईल प्रेसला गेली, आणि आठ दिवसांनी गठ्ठे सोडले तर पहिल्याच लेखाचं शीर्षक 'दर्याखोर्यांतून'. आता दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आणि दर्या म्हणजे समुद्र. नाशिकची पोरं समुद्रात ट्रेकिंगला गेली असं झालं ते. झालं होतं काय, की प्रेसने ओपन फाईल, म्हणजे मजकूर बदलता येईल अशी मूळ फाईल मागितली म्हणून मी ओपन फाईल दिली पण शीर्षकाचा फॉन्ट सोबत दिला नाही, तिथल्या मुलाच्या मशीनवर तो नव्हता, मग त्याने ती ओळ कन्व्हर्टरमधून काढून स्वतःच्या जुन्या फॉन्टमध्ये बसवली आणि त्या खटाटोपात ऱ्या चा र्या झाला. मी त्याला फार बोलले नाही, कारण फॉन्ट द्यायचा राहिला तो माझ्याकडून.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय, आणि कोणी विचारलं की तीच सांगते. फाईलमध्ये फॉन्ट नसतो. फाईलमध्ये फक्त फॉन्टचं नाव आणि अक्षरांचे नंबर असतात, अक्षराचं चित्र तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फॉन्टमधून येतं. दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की सॉफ्टवेअर हाताला येईल तो फॉन्ट लावून मोकळं होतं. त्यामुळे एक तर फॉन्ट पीडीएफच्या पोटात घालून पाठवा, नाहीतर अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्रच करून टाका, नाहीतर फॉन्टची फाईलच सोबत द्या. मार्ग एवढे तीनच. पण मराठीत या तिन्ही मार्गांवर खड्डे आहेत, आणि ते इंग्रजीवाल्या गाईडमध्ये कुठेच लिहिलेले नसतात.

पहिलं काम डिझाईन उघडायच्या आधीचं. प्रेसला फोन करा. नाशिकला छपाई म्हणजे काय ते सांगायला नको, नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनची आहे, पोस्टाची तिकिटं छापते ती, पण आपल्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका काय तिथे छापून मिळत नाहीत. आपली कामं जातात गावातल्या बोळातल्या प्रेसमध्ये नाहीतर सातपूर, अंबडच्या युनिटमध्ये, आणि प्रत्येकाचं वेगळं. कोणी म्हणेल पीडीएफच द्या, कोणी म्हणेल कोरलची, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची फाईल द्या आणि कर्व्ह करून द्या, आणि एखाद्या जुन्या काकांकडे अजून पेजमेकर चालू असतो, ज्याचं शेवटचं व्हर्जन २००१ मध्ये आलं. म्हणून विचारायचं, की काका फाईल कशात देऊ, तुमच्याकडे कोणतं व्हर्जन आहे, आणि इंपोझिशन, म्हणजे मोठ्या कागदावर पानं छापायच्या क्रमाने मांडणं, ते तुम्ही पीडीएफवरून करता का ओपन फाईल लागेल. दोन मिनिटांचा फोन. आणि २०२७ चा कुंभमेळा जसजसा जवळ येईल तसं प्रेसवाल्यांना फोन उचलायलाही वेळ नसेल, तेव्हा काम थोडं आधीच न्या.

आता मराठी फॉन्टच्या दोन जाती, हे कळलं की अर्धी डोकेदुखी संपते. एक जुने, श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, किरण वगैरे, आणि दुसरे युनिकोड, ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो, म्हणजे मंगल, मुक्त, नोटो हे सगळे. जुन्या फॉन्टमध्ये गंमत अशी की कॉम्प्युटरला मराठी कळतच नसतं, तो इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा उतरला आणि खाली इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. तुमची फाईल कोणत्या जातीची हे ओळखायचं तर एक ओळ सिलेक्ट करून फॉन्ट मंगल करून बघा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड, खिचडी झाली तर जुना.

जुना फॉन्ट वाईट असं मी म्हणत नाही. पंचवीस वर्षं त्यावर पुस्तकं निघालीत आणि काही जुन्या फॉन्टचं वळण खरंच सुंदर आहे. पण तो वर्डमध्ये वापरत असाल तर ऑटोकरेक्ट बंद करा, आत्ताच करा. वर्डला वाटतं हे इंग्रजी आहे, तो वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो, आणि जुन्या फॉन्टमध्ये स्मॉल आणि कॅपिटल म्हणजे दोन वेगळी मराठी अक्षरं. सरळ अवतरणचिन्ह गोल करणं हे पण तसंच, तिथे एखादं जोडाक्षर बसलेलं असतं ते बदलतं. तुम्ही नीट टाईप केलेलं असतं आणि चूक आपोआप शिरते, आणि मग प्रूफरीडर बिचारा शिव्या खातो. जुन्यातून युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केलं तर मजकूर पहिल्यापासून पुन्हा वाचायचा, दुसरा इलाज नाही. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर त्यांचा पण कन्व्हर्टर चिवडा करतो, कारण त्याला ती पण मराठीच वाटतात.

नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करा, लोक मजकूर फोनवर टाईप करून व्हॉट्सअपवर पाठवतात तो युनिकोडच असतो. फक्त त्यातले इमोजी आधी काढा. नमस्काराचे हात आणि फुलं छापायच्या फॉन्टमध्ये नसतात, तिथे चौकोनी डबे येतात, आणि हो, एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ते डबे तसेच छापलेले मी डोळ्यांनी बघितलेत.

युनिकोडचा खड्डा वेगळा. मजकूर बरोबर असतो पण सॉफ्टवेअरला तो जुळवता यायला हवा. उदाहरण आपल्या गावाच्या नावाचंच घ्या. 'नाशिक' मध्ये कॉम्प्युटर आधी श साठवतो, मग वेलांटी, मग क. वेलांटी उचलून श च्या आधी नेऊन लावायचं काम सॉफ्टवेअरचं. ज्याला ते जमत नाही तो जसं साठवलंय तसंच मांडतो, वेलांटी श च्या पुढे आणि क च्या आधी, आणि वाचताना ते होतं 'नाशकि'. कुठल्याही बोर्डवर किंवा पत्रिकेवर 'नाशकि' दिसलं की समजायचं, टाईप करणारा बरोबर होता, सेटिंग चुकलं.

हे सेटिंग इनडिझाईनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत असतं, तिथे अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर निवडायचं. नुसत्या त्या एका परिच्छेदाला लावू नका, पॅराग्राफ स्टाईलमध्येच टाका, नाहीतर पुढच्या पानावर विसराल. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, टाईप, आणि तिथे शो इंडिक ऑप्शन्सवर टिक. फोटोशॉपमध्ये टाईप मेनूतून वर्ल्ड-रेडी लेआउट. कोरल नवीन असेल तर तो आपला आपण करतो, जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी टाकायच्या भानगडीत पडू नका. इनडिझाईन सीएस६ च्या आधीचं असेल तरी तेच.

फॉन्ट निवडताना मी एक चाचणीची ओळ ठेवलीय, नोटपॅडमध्ये सेव्ह आहे, नवीन फॉन्ट आला की आधी ती चिकटवते:

त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी, दऱ्याखोऱ्या, कुऱ्हाड, आचाऱ्यांना, आचार्यांना, ॲडव्होकेट, ऑक्टोबर, वाङ्मय, शृंगार, सद्गुरू, विठ्ठल, मूळव्याध, १२३४५६७८९०

शेवटून दुसरा शब्द ळ साठी आहे, हसू नका. यात काय बघायचं, तर त्र्यं चा त आणि र नीट जुळलेत का का पायमोडके हलन्त लोंबतायत, ब्रह्म मधला ह्म एकसंध आहे का, आणि ऱ्या. आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आणि आचार्यांना म्हणजे गुरुजींना, दक्षिणेची पाकिटं चुकतील अशाने. हा अर्धा र हिंदीला लागत नाही म्हणून हिंदीपुरते केलेले काही फॉन्ट तो गाळतात. ॲ चं पण तसंच, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसणारच, तिथे डबा येतो. वकिलांच्या पत्रिकेत 'ॲड.' च्या जागी डबा आला तर वकीलसाहेब पैसे देतील का विचार करा.

आणखी एक, ल आणि श. मराठी ल पाकळ्यांचा, श देठाचा, शाळेत आपण तोच गिरवला. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात पण हीच रूपं धरलीत. बरेच फॉन्ट मुळात हिंदी वळणाचे असतात. तिरो देवनागरी म्हणून गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, त्याच्या मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत त्या याच कारणाने, तेव्हा डाउनलोड करताना मराठीच घ्या. पुस्तकाच्या मजकुराला तो मला फार आवडतो. एक टाइप या मंडळींचा मुक्त पण तिथेच आहे, त्याला बारीकपासून जाडजूडपर्यंत सात वजनं आहेत, माहितीपत्रकाला, फॉर्मला मस्त. आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, संस्कृत श्लोक असतील, स्तोत्रं असतील तर तो घ्या, अवघड जोडाक्षरं पचवतो.

वजनांचं सांगितलं कारण वर्डमधल्या त्या बी बटणाने लोक फसतात. फॉन्टला खरा बोल्ड नसला तरी वर्ड बी दाबलं की अक्षर फुगवून दाखवतो. तिरोला बोल्ड नाहीच, तरी वर्डमध्ये बोल्ड 'दिसतो'. छापल्यावर क, ष, ज्ञ यांच्या पोकळ्या भरून येतात, शाई सांडल्यासारखं दिसतं. बोल्ड हवा तर ज्याला बोल्ड आहे असा फॉन्ट घ्या, नाहीतर शीर्षकाला सरळ दुसरा फॉन्ट वापरा. इटॅलिकचं तर बोलायलाच नको, देवनागरीत ती पद्धतच नव्हती, सॉफ्टवेअर नुसतं अक्षर तिरपं पाडतं. पुस्तकाचं नाव वेगळं दाखवायचं तर अवतरणचिन्ह आहे की.

मांडणीत दोनच गोष्टी सांगते. ओळींमधलं अंतर ऑटोवर ठेवू नका. ऑटो म्हणजे १२० टक्के, १२ पॉइंटला १४.४, ते इंग्रजीला पुरतं. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, वरच्या ओळीतला 'सद्गुरू' खालच्या 'र्मों' वर जाऊन बसतो. मी १२ ला १७ किंवा १८ ठेवते. आणि अक्षरांमधलं अंतर, ट्रॅकिंग, हे शून्य. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून लोक ट्रॅकिंग वाढवतात आणि शिरोरेषेचे तुकडे होतात, दात पडल्यासारखी दिसते ती. इनडिझाईनमध्ये जस्टिफाय केलेला, म्हणजे दोन्ही कडा सरळ असलेला मजकूर असेल तर जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्ये लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य आहेत ना बघा, कारण नाहीतर ओळ भरायला तेच अंतर ताणलं जातं आणि तुम्हाला वाटतं फॉन्ट खराब आहे.

रंगाचं एकच, पण ते महागात पडतं. मजकुराचा काळा हा फक्त काळा हवा, के (काळी शाई) १०० आणि बाकी तिन्ही शाया शून्य. वर्ड किंवा फोटोशॉपमधला काळा आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांचा असतो, त्याचं रूपांतर झालं की चारही शाया मिळून काळा बनतो. मशीनवर चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षराच्या कडेला निळी-लाल झालर येते. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तिथे तर बारीक फॉन्ट वापरूच नका, आजूबाजूची शाई आत पसरते आणि वेलांट्या गिळून टाकते. मी तिथे ९ पॉइंटच्या खाली जात नाही, आणि वजन एक पायरी जाडच घेते.

आता पीडीएफ. वर्डमधून करत असाल तर सेव्ह ॲज, पीडीएफ, आणि तिथल्या ऑप्शन्समध्ये पीडीएफ/ए वर टिक करा म्हणजे फॉन्ट आत जातात. इनडिझाईनमधून एक्सपोर्ट करताना प्रेसला विचारून पीडीएफ/एक्स-१ए किंवा पीडीएफ/एक्स-४, दोन्हींत फॉन्ट आत असणं सक्तीचं आहे, फरक ट्रान्स्परन्सीचा, म्हणजे आरपार दिसणाऱ्या भागांचा, एक्स-१ए मध्ये ती सपाट केली जाते, जुन्या सेटअपला हेच झेपतं. कॅनव्हात केलं असेल तर पीडीएफ प्रिंट, नुसतं पीडीएफ नाही, आणि जेपीजी तर अजिबात नाही. जेपीजीत अक्षरं फोटो होतात, कडा फुटतात.

पीडीएफ झाली की लगेच पाठवू नका. अडोबी रीडरमध्ये उघडा, कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्ट्सचा टॅब बघा. प्रत्येक नावापुढे एम्बेडेड किंवा एम्बेडेड सबसेट लिहिलेलं पाहिजे. सबसेट म्हणजे तुम्ही वापरलेली अक्षरंच फक्त आत घेतलीत, ते चालतं, छापायला काही अडत नाही, फक्त प्रेसवाल्याला आयत्या वेळी त्यात एखादं अक्षर बदलायचं म्हटलं तर जमणार नाही. आणि ते बरंच आहे, दर्याखोर्या आठवा. एखाद्या नावापुढे काहीच लिहिलेलं नसेल तर तो फॉन्ट आत गेला नाही. काही फॉन्टवर बनवणाऱ्यानेच एम्बेड करायला मनाई घातलेली असते, तेव्हा फॉन्ट बदला. त्या यादीत तुम्ही कधी न वापरलेला एरियल किंवा टाइम्स दिसला तर घाबरू नका, बहुतेक कुठेतरी रिकामी ओळ नाहीतर पान क्रमांक त्यात राहिलेला असतो, पण शोधून काढा.

कर्व्हचं. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ. अक्षर मग अक्षर राहत नाही, चित्र होतं, फॉन्टची कटकट संपली. कव्हर, लोगो, व्हिजिटिंग कार्ड, पत्रिका, यांना उत्तम. शंभर पानी पुस्तकाचे कर्व्ह करू नका, फाईल जड होते, बारीक मजकूर किंचित जाड येऊ शकतो, आणि इनडिझाईनमध्ये तर ऑटो बुलेट, अंडरलाईन हे सगळं कर्व्ह केल्यावर उडून जातं. मूळ फाईल आधी वेगळ्या नावाने सेव्ह करा, हे सांगावं लागतं कारण मी स्वतः एकदा केलेलं नाही, आणि नंतर वधूपित्याने गोत्र बदलायला सांगितलं, तेव्हा सगळी पत्रिका परत टाईप केली रात्री.

कर्व्ह केल्यावर शिरोरेषा झूम करून बघा, चारशे टक्के तरी. मराठी अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर थोड्या चढलेल्या असतात, त्याशिवाय रेष अखंड दिसणार नाही. कर्व्ह केल्यावर कोरलमध्ये ती अक्षरं कंबाईन झाली की जिथे दोन रेषा एकावर एक येतात तिथे पांढरी खिडकी पडते. प्रत्येक जोडावर एक एक पांढरा ठिपका. कंबाईन नको, वेल्ड करा, म्हणजे सगळं मिळून एक आकार होतो. गाडीच्या काचेवरचं किंवा दुकानाच्या बोर्डचं व्हिनाइल कटिंग असेल तर वेल्ड लागतंच, नाहीतर कटर प्रत्येक जोडावर ब्लेड फिरवतो आणि चिकटवताना अक्षरं सुटी होऊन हातात येतात.

ओपन फाईलच द्यायची असेल तर इनडिझाईनचं पॅकेज, कोरलचं कलेक्ट फॉर आउटपुट, याने फॉन्ट, फोटो सगळं एका फोल्डरमध्ये जमा होतं. फोल्डर उघडून फॉन्ट खरंच आलेत का बघा, अडोबीच्या क्लाउडवरून चालू केलेले फॉन्ट पॅकेजमध्ये येत नाहीत. गूगल फॉन्ट्सवरचे फुकटचे फॉन्ट प्रेसला द्यायला हरकत नाही, त्यांच्या परवान्यात ते बसतं, विकत घेतलेल्या फॉन्टचं मात्र परवाना वाचूनच, बऱ्याचदा चालत नाही, तिथे पीडीएफच बरी. सोबत एक पक्की पीडीएफ नेहमी टाका, म्हणजे ओपन फाईल त्यांच्याकडे कशी दिसायला पाहिजे ते त्यांना कळेल. सगळं झिप करा आणि ईमेल नाहीतर ड्राईव्हवर टाका, व्हॉट्सअप वापरलंच तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही.

आणि प्रूफ कागदावर वाचा. मोबाईलवर नाही. साध्या लेझर प्रिंटरवर, फिट टू पेज काढून, १०० टक्क्यांवर एक प्रत काढा, कारण स्क्रीनवर मोठं करून वाचलेला ८ पॉइंटचा मजकूर आजोबांना हातात धरून वाचता येतो का हे कागदच सांगतो. प्रूफ पण तुमच्या मशीनवरून नको, जी पीडीएफ प्रेसला जाणार तीच पेनड्राईव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जा. तिथे तुमचे फॉन्ट नसतात, आणि आपल्याला तेच तर हवंय. मी आधी नावं वाचते, मग फोन नंबर, मग तारखा, आणि मग पेन घेऊन पानभर फक्त ऱ्या शोधते.